मांडा, वेढा आणि चौथं प्रकरण

बेळगावला कशाला गेला होतात, असं कुणी विचारलं की मी ‘कुंदा खायला’ असं सांगून मोकळी होते. खरं कारण सांगितलं की समोरचा माणूस घड्याळाकडे बघायला लागतो. तरी सांगते. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. तिथल्या एका कॉलेजात गणित शिकवणाऱ्यांचा शनिवार-रविवार मेळावा होता, विषय होता व्हेक्टर बंडल आणि के-थिअरी, आणि शनिवारची व्याख्यानं माझ्याकडे होती. बघा, तुम्हीही चुळबुळ केलीतच. पण या लेखात कुंदा आहे, मांडे आहेत, तंबाखू आहे, एक गड आहे आणि गणित अगदी चवीपुरतं आहे.

माझ्याविषयी एवढंच सांगितलं तरी पुरे, की पुण्यात मी ज्या कॉलेजात शिकवते तिथली पोरं मला ‘लाल पेन्सिल’ म्हणतात. चुकीला चूक म्हणायला मला कधी जड गेलेलं नाही. भाजीत मीठ कमी असेल तर मी भरपंगतीत तसं सांगते, भाजी मीच केलेली असली तरी. त्यामुळे या प्रवासात माझी जी गोची झाली, ती माझ्या ओळखीच्यांना अजून खरी वाटत नाही.

कोगनोळी

बॅगेत साडीच्या घड्यांखाली एक जाडजूड टाइप केलेला गठ्ठा होता. वसंत कांबळे नावाचा निपाणीतला एक तरुण प्राध्यापक धारवाडच्या गाईडकडे पीएच.डी. करत होता, आणि सादर करण्याआधी एकदा नजर टाकावी म्हणून त्याने आपला प्रबंध मला पाठवला होता. मेळाव्यात रविवारी दुपारी तो त्यातल्या चौथ्या प्रकरणावर बोलणार होता. वाचू वाचू म्हणत मी तो ठेवला तो ठेवलाच, आणि शेवटी कोल्हापूरच्या पुढे बसमध्ये मांडीवर घेतला. पहिली तीन प्रकरणं इतकी सुरेख होती की शेजारच्या बाईंनी दिलेले ओले हरभरे मी न बघताच सालीसकट चावले. कागल मागे पडलं, चौथं प्रकरण सुरू झालं, आणि सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर बस थांबली तेव्हा मी तेच पान तिसऱ्यांदा वाचत होते. चौथ्या प्रकरणात चूक होती.

चूक काय ते साध्या भाषेत सांगते. एखादा आकार घ्या, समजा चेंडू, आणि त्याच्या प्रत्येक बिंदूवर एकेक सपाट पान चिकटवलंय असं समजा. ती सगळी पानं मिळून झालं व्हेक्टर बंडल. पानं एकमेकांशी नीट जुळवून सरळ लावता आली तर बंडल साधं, आणि आकाराभोवती फिरताना त्यांना वेढे पडत असतील तर वाकडं. के-थिअरीत या बंडलांची बेरीज-वजाबाकी करतात. वजाबाकी जमावी म्हणून एक सवलत घेतलेली असते. दोन बंडलांना तिसरं एकच बंडल जोडल्यावर ती सारखी होत असतील, तर त्यांना हिशेबापुरतं सारखं समजायचं. हिशेबापुरतंच हं! खरोखर ती सारखी असतीलच असं नाही.

वसंतने बंडलाला एक जादा दिशा जोडली होती. त्या वाढीव जागेत वेढा सोडवला होता. मग जोडलेली दिशा काढून घेतली होती आणि लिहिलं होतं, की म्हणून मूळचं बंडल साधंच आहे. म्हणजे शेजाऱ्याचं अंगण उसनं घेऊन मांडव घालायचा, आणि नंतर सांगायचं की मांडव आमच्याच अंगणात मावतो. गंमत अशी की ही चूक करायला विषय बराच यावा लागतो, नवशिक्याला ती करताच येत नाही. पण चूक ती चूक. आणि पाचव्या प्रकरणात तेच सगळं ऑपरेटरांच्या बीजगणितात नेलेलं होतं, म्हणजे चौथं पडलं की पाचवंही गेलं.

नाक्यावर पोलीस बसमध्ये चढला. माझ्या मांडीवरचा गठ्ठा बघून म्हणाला, “बाई, ह्यात काय हाय?”

“प्रबंध आहे.”

“कसला?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने मधलं एक पान उघडलं. त्यावर वरून खाली, डावीकडून उजवीकडे नुसते बाण होते. त्याने ते पान अगदी हळू मिटलं, गठ्ठा माझ्या हातात दिला आणि मागच्या बाकावरच्या माणसाची पिशवी तपासायला गेला. एवढ्या झटपट कुणी के-थिअरीतून सुटलेलं मी पाहिलं नव्हतं.

निपाणी

निपाणी दिसायच्या आधी नाकाला कळते. तंबाखूचे दिवस होते. वसंतच्या घरी जेवून मग बेळगाव गाठायचं ठरलं होतं; बसमधून उतरले ती शिंकतच, आणि शिंकत असतानाच वसंतने माझ्या हातातली बॅग घेतली. सडसडीत, चष्मेवाला, कुरळ्या केसांचा पोरगा. “मॅडम, पहिल्यांदा आलेल्याला होतंच असं. आमच्या लक्षातच येत नाही वास,” तो म्हणाला. मी काहीतरी बोलायला गेले आणि पुन्हा शिंकले. गठ्ठ्याविषयी बोलायची पहिली संधी अशी शिंकांत गेली.

त्याचे वडील, आप्पा, तंबाखूच्या वखारीत हमाली करून आता थकून घरी बसले होते. आईने जन्मभर वखारीत तंबाखू निवडली होती, तिच्या बोटांची टोकं अजून तपकिरी होती. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, पुढे सारवलेलं अंगण. अंगणात खाटेवर काहीतरी उन्हात ठेवलं होतं आणि आप्पा त्याच्याजवळ राखणीला बसल्यासारखे बसले होते.

“जय भीम म्याडम, या. बगा की हे.”

पाटी होती. नवी कोरी, पांढऱ्या रंगावर निळ्या अक्षरांत वसंतचं नाव, खाली तेच कानडीत. आणि नावाच्या आधी, लालभडक, टपोरं, ‘डॉ.’

“खाली कानडीत पण घालून घेटलंय,” आप्पा म्हणाले. “आल्यागेल्याला कळाय नगो व्हय? हात नगा लावू, ओलं हाय अजून.”

ते म्हणेपर्यंत माझं बोट लागलेलं होतं. बोटाला लाल रंग आला, तो पुसताना पदरालाही लागला. वसंत लाजून म्हणाला, “आप्पा, अजून प्रबंध दिला पण नाही मी.”

“आता म्याडमनी वाचलाय म्हंजी झालंच की रं! ऱ्हायलंय काय?”

राहिलं होतं ते मला माहीत होतं. मी पदर चोळत बसले.

जेवायला जोंधळ्याची भाकरी, कोंबडीचा रस्सा, वांग्याचं भरीत आणि दगडी खलात रगडलेला खर्डा. पुण्यात आम्ही तिखट म्हणून जे खातो त्याला इथे लहान मुलांचं जेवण म्हणत असावेत. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. आई म्हणाली, “लई झालं व्हय तिकाट? थांबा, दही देतो.” इकडच्या बायकाही ‘देतो, करतो’ म्हणतात. आमच्याकडे असं बोललं की हसतात, मला मात्र ते भारी रुबाबदार वाटलं, आणि दुसऱ्या भाकरीनंतर मीही ‘घेतो’ म्हणायला लागले. आमच्या घरी पाहुण्याला ‘अजून घ्या’ असं दोनदा म्हणतात. इथे म्हणत नाहीत, वाढतात.

हात धुताना वसंतने हळूच विचारलं, “मॅडम, चौथं वाचलंत?”

“वाचलं. सावकाश बोलू.” एवढंच बोलता आलं. भरल्या पोटी, त्या पाटीसमोर, त्या दोन म्हाताऱ्या माणसांच्या देखत माझी जीभच उचलेना. जी बाई बोर्डाच्या पेपरात अर्ध्या मार्कासाठी भांडते, ती गप्प. माझा मलाच राग आला, आणि त्या रागाच्या भरात ‘स्टँडवर सोडायला येतो’ म्हणणाऱ्या वसंतला मी ‘काही गरज नाही’ म्हणून सांगितलं. परिणाम असा की बसवरची पाटी फक्त कानडीत, मी ती वाचता येत असल्याच्या थाटात आत बसले, आणि भलत्याच दिशेला, चिकोडीला जाऊन पोचले. तिथे कंडक्टरने मला खाली उतरवून, हाताला धरून, बेळगावच्या गाडीत बसवलं. मराठी त्याला येत होतं, मी विचारलंच नव्हतं.

बेळगाव

इंदू माझी कॉलेजातली मैत्रीण. लग्न होऊन बेळगावात आली, वकिलाची बायको झाली, तिथेच कॉलेजात गणित शिकवायला लागली आणि बोलण्यात पक्की बेळगावची झाली. हा मेळावा तिनेच जमवला होता. “काय गं प्रभा, सुकलीस की! पुण्यात जेवायला घालत नाहीत काय?” असं म्हणत तिने दारातच माझ्या हातावर कुंदा ठेवला. दूध आटवून आटवून तांबूस, रवाळ केलेला तो गोळा तोंडात विरघळेपर्यंत मी काही बोलले नाही. मग मात्र सगळं सांगितलं, चूक, पाटी, आप्पा.

“मग सांग की त्याला,” इंदू म्हणाली. “तू कधीपासून गप्प बसायला लागलीस?”

“तेच कळत नाहीये.”

“बघ बाई. रविवारी त्याचे गाईड येणार. धारवाडचे चार जण येणार. त्याचे आई-आप्पा येणार, त्यांना मीच बोलावलंय जेवायला. तिथं भर सभेत कुणी चूक काढली तर? त्यापेक्षा तुझ्या तोंडून ऐकलेलं बरं ना?”

बरं होतंच. शुक्रवारी सांगून टाकायचं असं मी ठरवलं. तो भेटला तेव्हा त्याच्यासोबत त्याचा बेळगावजवळच्या कंग्राळीचा मावसभाऊ होता, सगळे त्याच्याकडेच उतरणार होते, आणि तो भाऊ सारखा ‘आमचा डॉक्टर, आमचा डॉक्टर’ म्हणत होता. शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी माझी व्याख्यानं झाली. त्यात सांगण्यासारखं एकच. निपाणीला पांघरलेली, तंबाखूची पूड बसलेली शाल मी तशीच घेऊन गेले होते. पंखा लावल्यावर पहिल्या दोन रांगांनी शिंकायला सुरुवात केली, आणि ‘प्रत्येक बंडलाला जोडीदार असतो’ हा सिद्धांत शिंकांच्या तालावर सिद्ध झाला. प्रश्न मात्र झकास आले. एक इंग्रजीत, एक मराठीत, एक कानडीत. कानडीतला प्रश्न मराठी मास्तरांनी मला समजावला, आणि माझं उत्तर अर्धवट वाटलं म्हणून त्यात आपली भर घालून परत कानडीत पोचवलं. बाहेर रस्त्यावर पाट्यांवरून काय वाद चालायचे ते चालोत, फळ्यापाशी त्यांचा एकच तक्रारीचा सूर होता, की बाई भरभर पुसतात.

इंदूचं परसू

शनिवारी दुपारी इंदूकडे रविवारच्या जेवणासाठी मांडे करायचे होते. मांडे म्हणजे बेळगावचा मानाचा पदार्थ, लग्नाकार्यात तो हवाच. करायला गोदाक्का म्हणून एक बाई आल्या होत्या. परसात पडवीला लागून चूल पेटवून त्यावर मोठं खापर पालथं घातलेलं. गोदाक्का सारण भरलेली पोळी लाटायच्या, दोन्ही हातांवर घेऊन झुलवत झुलवत वाढवायच्या, कोपरापर्यंत आली की पालथ्या खापरावर अलगद टाकायच्या. पोळी क्षणात शिजायची, आणि मऊ आहे तोवरच तिची चौकोनी घडी करायची. गार झाली की कागदासारखी कुरकुरीत. पुण्यात आम्ही पुरणपोळीवर खूश असतो. मी खापराजवळून हललेच नाही.

वसंत, आप्पा आणि आई कंग्राळीहून तिथेच आले. आई चुलीपाशी बसली, आप्पा पडवीच्या खांबाला टेकले. थोडा वेळ बघून आई म्हणाली, “वसंता, उद्या तू बोलणार, आनि आमी नुसतं बगत बसायचं व्हय रं? काय करतोस ते मला सांग की एकदा.”

वसंतने माझ्याकडे पाहिलं, हसला आणि चुलीकडे वळला. “आई, हे खापर म्हंजे अर्धा चेंडू बघ. त्याच्यावर मांडा टाकला. सुरकुती पडली?”

“न्हाय.”

“खालच्या अर्ध्या चेंडूवर दुसरा मांडा टाकला. तो बी सरळ. मग भानगड कुठं हाय? दोन्ही मांडे जिथं कडेला जोडायचे, तिथं. कडेनं एक फेरी मारून आलं की वरच्या मांड्याची दिशा खालच्याच्या मानानं दोन वेढे फिरलेली असती. आपण सगळा अभ्यास त्या कडेचा करायचा.”

मी मनात वाहवा म्हटलं. वर्षानुवर्षं शिकवते, पण चेंडूचे दोन भाग आणि त्यांची शिवण इतकी स्वच्छ मला सांगता आलेली नाही.

“मग ते वेढं?” आईने विचारलं.

“ते सोडवायचे. बघ हां.” त्याने एक ताटली घेतली, तिच्यावर गोदाक्कांनी नुकताच घडी केलेला मांडा ठेवला आणि ताटली उजव्या तळहातावर तोलली. “हे ताट जमिनीवरच ठेवून फिरवलं तर हाताला पीळ पडतो, तो सुटत न्हाय. पण वर जागा असली तर सुटतो. हा एक वेढा.” त्याने ताटली न कलंडता काखेखालून आत फिरवली. कोपर वर गेलं, हात पिळवटला. आप्पा पुढे सरकून बघायला लागले. “आता दुसरा वेढा, त्याच बाजूला, डोक्यावरून. दुसरा झाला की हात आपोआप सरळ...”

तो पडवीच्या कडेला उभा होता, आणि तिथं छप्पर खाली उतरलेलं होतं. ताटली वाशावर आपटली. मांडा उडाला आणि चुलीच्या कडेला पडून त्याचे तुकडे झाले.

“फुटला की रं मांडा!” आई ओरडली. आप्पा हसायला लागले, गोदाक्काही हसल्या. वसंत हसला नाही. ताटली हातात तशीच, हात पिळलेला, कोपर कानापाशी, आणि डोळे वर वाशाकडे. तो हात खालीच घेईना. त्याने वाशाकडे पाहिलं, मग स्वतःच्या कोपराकडे, मग सावकाश माझ्याकडे. मला एक शब्दही बोलावा लागला नाही. ज्या जागेत त्याने वेढा सोडवला होता ती जागा त्याची नव्हती, हे त्याला दिसलं होतं. वासा आडवा आला की वेढा हातातच राहतो.

“मॅडम,” तो म्हणाला, “चौथं प्रकरण.”

“हो,” मी म्हणाले.

“तुम्हाला कळलं होतं?”

“कोगनोळीला.”

त्याने हात खाली घेतला, ताटली धुऊन ठेवली, जमिनीवरचे तुकडे गोळा केले आणि ‘कंग्राळीला जाऊन येतो’ म्हणून निघून गेला. आईला वाटलं, मांडा फुटला म्हणून पोरगं ओशाळलं. मला त्या दिवशी मांडे गोड लागले नाहीत. म्हणजे खाल्ले, पण गोड लागले नाहीत.

येळ्ळूरचा गड

रविवारी सकाळी तो दारात हजर. डोळे तांबारलेले, पण केस नीट विंचरलेले. “मॅडम, येळ्ळूरचा गड बघितला नाहीत ना? चला.”

येळ्ळूरची बस गच्च भरलेली होती, दुधाच्या रिकाम्या किटल्या आणि बाजार करून परतणाऱ्या बायका. गाव मागे टाकून आम्ही चढायला लागलो. खाली भाताची कापलेली खाचरं, मधे मधे हिरवी डाळवर्गीय पिकं, आणि लांबवर बेळगाव धुक्यात. वारा असा की पदर सांभाळू का चष्मा, ते कळेना. अर्ध्या वाटेवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. वसंतने खिशातल्या सुतळीने तो बांधून दिला आणि तिथेच बोलायला लागला.

“रात्रभर बसलो होतो. मुळातच भरपूर दिशा असतील तर सिद्धांत खरा आहे. उसनी जागा लागतच नाही.”

“बरोबर.”

“म्हणजे मोठ्या घरवाल्यांना लागू,” तो म्हणाला. “आमच्या दोन खोल्यांना नाही.” आणि स्वतःच खो खो हसला. मीही हसले, आणि हसताना मला फार बरं वाटलं, कारण कालपासून मी त्याच्या हसण्याचीच वाट बघत होते.

वर पोचलो. तटाच्या सावलीत बसून त्याच्या आईने बांधून दिलेली दशमी आणि कांद्याची चटणी खाल्ली. खाता खाता तो थांबला. घास हातात. हा पोरगा असा थांबला की काहीतरी फुटतं हे मी शिकले होते, म्हणून चटणीची पुडी बाजूला घेतली.

“मॅडम, पाचव्यात मला लागतात ती बंडलं कॉम्प्लेक्स आहेत, संमिश्र संख्यांची. ऑपरेटरांकडे सगळं कॉम्प्लेक्सच. आणि माझे आकार नुसते पृष्ठभाग. चेंडू, नाहीतर भोकाचा वडा.”

“बरं, मग?”

“कॉम्प्लेक्समध्ये तिथे वेढा सुटतच नाही! कितीही जागा जोडा, वेढे तेवढेच राहतात. मग जोडलेलं काढून घेतलं तर बिघडलं कुठं? सुटलेलंच काही नसतं!”

मी विटेचा तुकडा घेतला आणि गडाच्या पायरीवर लिहायला बसले. भोक शोधायला मी कसर ठेवली नाही. तो अंगठ्याचं नख चावत उभा होता. कळप राखणारे एक आजोबा येऊन पायरीकडे बघून गेले. शेवटी मी तुकडा टाकला आणि म्हटलं, “पृष्ठभागांसाठी पाचवं प्रकरण उभं राहतं. चौथं मात्र गेलं. तिथून पुढचं सगळं परत लिहावं लागेल.”

“वर्ष जाईल.”

“जाईल.”

“आणि आज दुपारी?”

 आजारी पडता येतं, घसा बसतो, दुसऱ्या प्रकरणावर बोलून वेळ मारून नेता येते, हे सगळं मला माहीत होतं आणि त्यालाही. उतरताना सुतळी दोनदा सुटली, दोनदा त्याने बांधली.

दुपारी सभागृहात पहिल्या रांगेत त्याचे गाईड, त्यांच्याशेजारी नवा फेटा बांधलेले आप्पा, मग आई. वसंत उठला, फळ्यावर चौथ्या प्रकरणाचा सिद्धांत सुवाच्य अक्षरात लिहिला, मागे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, हा सिद्धांत खोटा आहे, आणि तो माझा आहे.  मग त्याने चेंडू काढला, दोन वेढे दाखवले, ताटली मागवून घेतली आणि या खेपेला मोकळ्या जागेत हात फिरवून सरळ करून दाखवला. मग म्हणाला, आता छप्पर खाली आणू. पुढे पृष्ठभागांचा निकाल सकाळच्या गडावरून तसाच्या तसा उतरला. शेवटी गाईड उभे राहिले. म्हातारे गृहस्थ, बोलायला कंजूष. “इरली, इरली,” म्हणजे असू दे, असू दे, असं कानडीत म्हणाले आणि मग मराठीत, “परत लिहा. हे चांगलं होईल.” टाळ्या झाल्या. इंदूने माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली.

बाहेर चहाच्या वेळी आप्पा माझ्याजवळ आले. फेटा काढून हातात घेतला होता.

“म्याडम, खरं सांगा. लोकांनी टाळ्या वाजिवल्या, पर पोरगा पयल्यांदा काय तरी चुकलं म्हनला. पास झाला का नापास?”

“चूक होती आप्पा. त्याने स्वतः शोधली आणि सगळ्यांसमोर सांगितली. असं मोठमोठ्यांना जमत नाही. पण डॉक्टर व्हायला अजून वर्षभर लागेल.”

आप्पांनी फेटा काखेत धरला. “वरीसभर,” म्हणाले, आणि चहा न पिताच कप ठेवला. माझा जीव तीळ तीळ तुटला. मी खरं तेच बोलले होते, नेहमीसारखं.

परत, निपाणीवरून

सोमवारी इंदूने मांड्यांचा डबा दिला, ‘मांडीवर धर, खाली ठेवलास तर भुगा होईल’ असं दहादा बजावून. निपाणीला दुपारी पोचले. ‘जाताना भाकरी खाऊनच जायचं’ असं आईने कबूल करून घेतलं होतं. शिंका आल्या नाहीत. याचा अर्थ मी आता इकडची झाले, असं वसंत म्हणाला. त्याच्या बोटांना शाई होती. घरात टेबल खिडकीपाशी सरकवलेलं होतं आणि त्यावर कोरे कागद.

अंगणात खाट तिथेच होती. खाटेवर पाटीही तिथेच होती, उन्हाला तोंड करून. आप्पा जवळ बसलेले.

“लावली नाहीत का अजून?” माझ्या तोंडून निघून गेलं, आणि लगेच जीभ चावली.

आप्पांनी पाटीवरची धूळ टॉवेलाने टिपली, ‘डॉ.’च्या भोवतीने जपून. “कशी लावायची म्याडम? रंग वाळला न्हाय की. लई जाड दिलाय त्येनं. वाळाय वरीसभर तरी लागंल बगा.”

वसंत दारात उभा होता. आई आत भाकरी थापत होती ती थांबली. मी वाकले आणि त्या लाल अक्षरावर बोट टेकवलं. रंग खडखडीत वाळलेला होता, उन्हाने तापलेला. बोट उलटसुलट करून मी नीट पाहिलं. लाल ठिपकासुद्धा लागलेला नव्हता.

“व्हय आप्पा,” मी म्हणाले, “ओलाच हाय अजून.”